पाहुण्याचे देणे

जबलपूरच्या जुन्या वस्तीत बडा फुहारा नावाचा चौक आहे. नावाप्रमाणे मध्यभागी कारंजे, भोवती सराफा, कापडाची व भांड्यांची दुकाने, आणि खव्याच्या जिलबीचा दरवळ. जवळच कमानिया गेट उभे आहे. १९३९ साली शहराबाहेर त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत तेथे आले, त्या अधिवेशनाची ती आठवण आहे. बाहेरगावचा मनुष्य या चौकात आल्याशिवाय राहत नाही. नदीकडे निघण्यापूर्वीची न्याहारी येथे, परत आल्यावरची खरेदीही येथेच. नर्मदा मात्र येथून दिसत नाही. ग्वारीघाट, तिलवाराघाट शहराच्या कडेला. भेडाघाट वीस-पंचवीस किलोमीटरवर. आणि बरगीचे धरण नदीच्या वरच्या अंगाला.

आपल्या मंडळ्यांच्या युवक संघांच्या व महिला मंडळांच्या सहली या बाजूला अधूनमधून जातात. विदर्भातल्या मंडळींना तर जबलपूर शेजारचेच. या लेखाचा विषय सहल हाच आहे. दान, क्षमा, उपवास यांवर आपण गांभीर्याने लिहितो आणि बोलतो. सहल मात्र नीतिविचाराच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो. कोणी दारू पिऊ नये, रात्री वेळेवर झोपावे, निघताना व पोहोचल्यावर प्रार्थना व्हावी, एवढे पाळले गेले की पाळकसाहेब संतुष्ट आणि पालकही. सुट्टीतल्या आनंदाला आणखी कसली कसोटी लावायची?

तरीही एक प्रश्न उरतो. जे गाव माझे नाही, जिथली शेती मी कसत नाही, जिथले दुःख मला भोगायचे नाही, तेथून मी दोन दिवसांचा आनंद गाठीला बांधून परततो, तेव्हा माझ्याकडे कोणाचे काही देणे राहते काय? की तिकीट काढले, नावाड्याचे पैसे चुकते केले, की हिशेब मिटला?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. सृष्टी परमेश्वराची आहे, आपण त्याची लेकरे आहोत, म्हणून त्याच्या सृष्टीत आपण कोठेही परके नाही. सहलीतल्या सकाळच्या उपासनेत हा विचार हमखास येतो आणि तो खोटाही नाही. पण अर्धाच घेतला तर तो सोयीचा होतो. भूमी परमेश्वराची आहे याचा अर्थ ती तिकीट काढणाऱ्याची नाही, असाही होतो. ज्याला तिथे राहायला ठेवले आहे, ज्याच्या पणज्याने तिथली झाडी तोडून शेत केले, त्याला वगळून मी थेट निर्मात्याशी नाते जोडावे आणि मधल्या माणसाकडे पाहूही नये, ही आध्यात्मिकता मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे.

भेडाघाटला गेलेल्या माणसाला तिथले सौंदर्य सांगावे लागत नाही. धुवांधार येथे नदी कड्यावरून खाली कोसळते तेव्हा तुषारांचा धूर उठतो, त्यावरून नाव पडले. खाली सुमारे तीन किलोमीटर ती संगमरवराच्या उंच भिंतींमधून वाहते. पांढरा, राखाडी, फिकट निळा असे दगडाचे रंग उन्हाबरोबर पालटत जातात. एका ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी वानरे या काठावरून त्या काठावर उड्या मारीत, असे सांगतात. म्हणून त्या जागेचे नाव बंदरकूदनी. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी स्लीमन १८३५ च्या नोव्हेंबरात हिमालयाकडे निघण्यापूर्वी मित्रमंडळींसह मुद्दाम येथे सहलीला आला होता, आणि १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाचा आरंभ याच सहलीपासून होतो. याच गृहस्थाला १८२८ मध्ये जबलपूरजवळच्या टेकडीत प्रचंड प्राण्याची जीवाश्म झालेली हाडे सापडली होती. भारतात डायनोसॉरचे अवशेष मिळाल्याची ती पहिली नोंद. राज कपूर यांच्या १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटात दिसणारे कडेही येथलेच. नाव गंगेचे, पाणी नर्मदेचे! २०२१ मध्ये भेडाघाट आणि लम्हेटाघाट यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. म्हणजे पाहायला येणाऱ्यांची रीघ यापुढे वाढणारच.

या कड्यांवर मुले उभी असतात. होडी जवळ आली की ती ओरडून नाणे टाकायला सांगतात. कोणी पाण्यात नाणे भिरकावले की मुलगा उंच कड्यावरून सूर मारतो, खोल पाण्यात दिसेनासा होतो आणि काही क्षणांनी दातांत नाणे धरून वर येतो. होडीतली मंडळी टाळ्या वाजवतात, दुसरे नाणे निघते. पाहणाऱ्याला आपण त्या गरीब मुलाला मदत केली असेही वाटते आणि मौजही मिळते. एका नाण्यात दोन्ही साधले!

येथे काहीतरी चुकते आहे हे बहुतेकांना जाणवते. पण काय चुकते ते नेमके सांगता येत नाही. धोका आहे, हे तर उघडच. परंतु धोका खाणीतही असतो आणि मासेमारीतही. मला वाटते, दोष नाणे पाण्यात टाकण्यात आहे. तेच नाणे हातावर ठेवले असते तर ते दान झाले असते. काही काम सांगून दिले असते तर मजुरी झाली असती. पाण्यात टाकलेल्या नाण्याने आपण त्या मुलाची गरज हाच आपला खेळ करतो. गरज नसती तर त्याने उडी मारली नसती आणि उडी नसती तर आपली करमणूक झाली नसती. त्याच्या दारिद्र्याशिवाय ज्या सुखाला आकार येत नाही, ते सुख घेणे योग्य नाही. मुलगा आनंदाने उडी मारतो, त्याला आपल्या कौशल्याचा अभिमान आहे, असे कोणी म्हणेल. तो असेलही, असावाही. मग त्याच्याशी दोन शब्द बोलून त्या कौशल्याचे कौतुक करावे. होडीतून ते सहसा कोणी करीत नाही.

याउलट नावाड्याचे पाहा. भेडाघाटचे नावाडी वल्ही मारता मारता यमकांत गुंफलेले विनोदी निवेदन करतात; कड्यांचे आकार दाखवतात, सिनेमातल्या नट-नट्यांची नावे गोवतात, प्रवाशांची थट्टा करतात. पाण्याची ओढ, खडकांच्या जागा, पावसाळ्यात होडी का काढायची नाही, हे सारे त्याला ठाऊक असते. होडीत पाऊल टाकले की आपण त्याच्या हवाली असतो आणि त्या तासाभरात आपला अधिकार शून्य असतो. त्याला पैसे देताना आपण त्याच्याहून मोठे होत नाही. पर्यटनामुळे गावाला रोजगार मिळतो, हे जे म्हटले जाते ते नावाड्याच्या बाबतीत खरे आहे, दगडातून मूर्ती, पेट्या, दिवे कोरणाऱ्या कारागिरांच्या बाबतीतही खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पाहुणा आलाच नाही तर चूल पेटत नाही, हे सत्य घरबसल्या नीतिउपदेश करणाऱ्याने विसरू नये.

पण मजुरी दिल्याने सगळे देणे फिटते का? नर्मदेविषयी तिथल्या लोकांची श्रद्धा अशी की गंगेत स्नान करावे लागते, नर्मदेचे मात्र नुसते दर्शन पुरे. आपली श्रद्धा निराळी असली, तरी या ‘दर्शन’ शब्दाकडे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. दर्शनाला गेलेला मनुष्य समजून असतो की आपण पाहतो आहोत तसे समोरूनही आपल्याकडे पाहिले जात आहे. म्हणून तो डोके झाकतो, चप्पल काढतो, आवाज खाली आणतो. प्रेक्षकाला मात्र अंधारात बसल्यासारखे वाटते. आपण कोणाला दिसतच नाही अशा भावनेने तो वागतो. काठावर कपडे धुणाऱ्या बाईचे न विचारता छायाचित्र घेणारा मनुष्य असा अंधारात बसलेला असतो.

धुवांधारजवळच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरी राजांच्या काळातले, दहाव्या शतकाच्या सुमाराचे, वर्तुळाकार; नाव चौसष्टचे, पण कोनाडे एक्याऐंशी. मधले गौरीशंकराचे देवालय बाराव्या शतकात राणी अल्हणादेवीने उभारले. योगिनींच्या मूर्ती भग्न आहेत. आपल्या सहलींतली मंडळी येथे दोन तऱ्हेने वागतात. काही पायऱ्यांखालीच थांबतात, आत जाणे म्हणजे जणू पाप. काही आत जातात ती बागेत गेल्यासारखी. तुटलेल्या मूर्तीच्या खांद्यावर कोपर टेकवून फोटो काढतात. पहिल्यांचा संकोच मी समजू शकतो. दुसऱ्यांचा मोकळेपणा मला समजत नाही. आपल्या एखाद्या जुन्या देवळात, वसईच्या पोर्तुगीजकालीन चर्चमध्ये म्हणा, कोणी वेदीच्या पायरीवर पाय सोडून बसला तर आपल्याला काय वाटेल? दुसऱ्याच्या पूजास्थानी पूजा करावी असे कोणी म्हणत नाही. पण ते कोणाचे तरी घर आहे, एवढे भान ठेवल्याने आपला विश्वास उणा होत नाही.

आणि वारशाच्या गोष्टी करताना आपल्या मराठीपणाचाही एक हिशेब आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य, ज्याच्या राणी दुर्गावतीने १५६४ साली मोगलांशी लढताना देह ठेवला, ते १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले. १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांनी घेतले. म्हणजे आपली माणसे या खोऱ्यात पहिल्याने आली ती पाहुणे म्हणून नव्हेत, महसूल वसूल करायला! हे इतिहासात घडले, त्यासाठी आजच्या युवक संघाने छाती पिटावी असे मी म्हणत नाही. ठाऊक असावे, एवढेच.

आता बरगीकडे वळू. नर्मदेवर जी तीस मोठी धरणे योजली गेली, त्यांतील सर्वांत आधी पुऱ्या झालेल्यांपैकी हे एक. उंची सुमारे ६९ मीटर, लांबी पाच किलोमीटरांहून अधिक. १९९० साली जलाशय भरला आणि पाणी मंडल्याच्या दिशेने सुमारे पंचाहत्तर किलोमीटर मागे पसरले. त्याला राणी अवंतीबाई सागर असे नाव दिले. पुढे काठावर पर्यटननिवास उभा राहिला, नौकाविहार सुरू झाला. संध्याकाळच्या वेळी ते पाणी समुद्रासारखे दिसते. पलीकडचा काठ धूसर होतो, सूर्य पाण्यात बुडतो. पाहणारा मनुष्य नकळत स्तुतिगीत गुणगुणू लागतो.

त्या पाण्याखाली गावे आहेत. मूळ अंदाज १०१ गावांचा होता. प्रत्यक्षात जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली, आणि लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्यांत गोंड आदिवासी पुष्कळ होते. पुनर्वसनासाठी दिलेल्या काही जागांतही पाणी शिरले, म्हणजे एकदा उठलेल्या कुटुंबांना दुसऱ्यांदा उठावे लागले. जमिनीबद्दल जमीन नव्हती. रोख रक्कम मिळाली आणि ज्यांनी कधी एवढी रक्कम हाताळली नव्हती त्यांच्या हातून ती लवकरच गेली. पुष्कळांनी जबलपूर गाठले. कोणी सायकलरिक्षा ओढली, कोणी बांधकामावर गेले, कोणी झोपडपट्टीत राहून मिळेल ते काम केले. काठावर राहिलेल्यांनी संघर्ष केला, सहकारी संस्था उभारल्या, आणि १९९४ मध्ये त्यांना जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला; आपल्याच बुडालेल्या शेतावरून होडी हाकून जाळे टाकायचे. काही वर्षांनी तोही हक्क त्यांच्याकडून गेला.

आता पुन्हा बडा फुहारा चौक डोळ्यांपुढे आणा. १९९० नंतरच्या त्या वर्षांत बरगीचा सूर्यास्त पाहून परतलेला प्रवासी स्टेशनावरून येथे येण्यासाठी सायकलरिक्षात बसला असेल, आणि रिक्षा ओढणारा त्याच पाण्याखालच्या एखाद्या गावाचा असेल. पाण्यावरची झुळूक किती सुखद होती हे तो मागे बसून सोबत्याला सांगत असेल आणि पुढचा मनुष्य ऐकत असेल. असे प्रत्यक्ष घडलेले मला ठाऊक आहे, असा माझा दावा नाही. घडण्याला आडकाठी काहीच नव्हती, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

पवित्र शास्त्रातली नाबोथाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. राजाची मागणी प्रथमदर्शनी काही अन्यायाची नव्हती. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या भाषेत सांगायचे तर योग्य मोबदला. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. पुढे ईजबेलने काय केले ते आपण जाणतो. खोटे साक्षीदार, दगडमार, आणि राजाला मळा मोकळा. या कथेत आपले लक्ष नेहमी ईजबेलकडे जाते, कारण ती दुष्ट आहे आणि आपण तिच्यासारखे नाही असे सहज म्हणता येते. मला अहाबाविषयी विचार करावासा वाटतो. त्याने कोणाला मारले नाही. तो रुसून पलंगावर पडला, जेवला नाही, आणि मळा मिळाल्याचे कळताच उठून तो पाहायला गेला. मळा कसा मिळाला, हे त्याने विचारले नाही. एलीया संदेष्टा त्याला गाठतो तो त्या मळ्यातच, त्या पहिल्या फेरफटक्याच्या वेळी.

ही तुलना ओढूनताणून आणली, असा आक्षेप येईल. धरण कोणा राजाच्या भाजीसाठी बांधले नव्हते. त्याने ९० मेगावॉटचे वीजकेंद्र दिले, कालवे दिले, उन्हाळ्यातही नदीत पाणी राहू लागले आणि जबलपूर शहर आज नर्मदेचेच पाणी पिते. पाणी, वीज यांचा उपभोग आपण सारेच घेतो. महाराष्ट्रात कोयना आणि उजनी यांखाली गेलेल्या गावांचा हिशेब आपण तरी कुठे ठेवला? हा आक्षेप मला मान्य आहे. धरणे असावीत की नसावीत, हा वाद या लेखाच्या आवाक्यातला नाही. माझे म्हणणे फेरफटक्यापुरते आहे. प्रवासी अपराधी नसतो. त्याने गाव बुडवलेले नाही. पण विचारावे की विचारू नये, हे सर्वस्वी त्याच्या हाती असते. अहाबाच्या हातीही ते होते.

मग जायचेच नाही काय? सहली बंद कराव्यात? या निष्कर्षात मला अर्थ दिसत नाही. न जाणारा मनुष्य अधिक नीतिमान असतो असे नाही. बहुधा तो नुसता अजाण राहतो. शिवाय याच नदीच्या काठाने जाण्याची एक फार जुनी रीत आहे आणि ती आपल्याला काही शिकवू शकते.

नर्मदेची परिक्रमा मराठी वाचकाला परकी नाही. गो. नी. दांडेकरांनी त्या अनुभवावर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकाने कित्येकांना त्या वाटेला लावले. नदी उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, दोन्ही काठ मिळून सुमारे २६०० किलोमीटर चालायचे. शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. जबलपूरचेच चित्रकार अमृतलाल वेगड (१९२८–२०१८), शांतिनिकेतनात शिकलेले, यांनी १९७७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर चालायला आरंभ केला आणि पुढे कित्येक वर्षे टप्प्याटप्प्याने चालत राहिले. त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जबलपूरहून मंडल्याकडे ते ज्या वाटेने प्रथम गेले, त्या वाटेचा बराच भाग पुढे बरगीच्या पाण्याखाली गेला. त्यांची रेखाचित्रे आणि वर्णने ही आता त्या काठाची साक्ष आहेत.

परिक्रमेतील धर्मभावना बाजूला ठेवून तिचा व्यवहार पाहावा. चालणाऱ्याजवळ पैसा नसतो किंवा असला तरी गावात त्याचा उपयोग नसतो. संध्याकाळी तो एखाद्या ओसरीवर येऊन टेकतो. घरधनीण त्याला सदावर्त देते. पीठ, डाळ, मीठ. ती स्वतः काय खाणार हे त्याला दिसत असते. सकाळी तो निघतो तेव्हा तिचे काहीही फेडलेले नसते आणि फेडता येण्याजोगेही नसते. ते ऋण घेऊन तो पुढच्या गावी जातो. गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत हाच भेद आहे. गिऱ्हाईकाने पैसे मोजले की दोन्ही पक्ष मोकळे. पुन्हा तोंड पाहिले नाही तरी चालते. पाहुणा मोकळा होत नाही. ज्याच्या घरी मीठ खाल्ले त्याच्याविषयी उद्या काही वाईट कानावर आले तर त्याची झोप उडते, उडायला हवी. आपण पर्यटक होऊन जातो तेव्हा पैसे देण्याची एवढी घाई का असते, याचे मला पूर्वी नवल वाटे. ती घाई मोकळे होण्याची असते.

या खोऱ्यात असा मोकळा न झालेला एक मनुष्य आपल्यातलाच होता, हे नव्या पिढीच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. शामराव हिवाळे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १९४७ साली अहमदनगर कॉलेज स्थापणारे भास्कर पांडुरंग हिवाळे यांचे हे बंधू. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची व्हेरिअर एल्विन या ऑक्सफर्डहून आलेल्या तरुण धर्मगुरूशी मैत्री जडली, आणि १९३२ च्या आरंभी दोघे नर्मदेच्या उगमाजवळ करंजिया या गोंडांच्या गावी येऊन राहिले. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान अशी कामे त्यांनी उभी केली. गावकरी एल्विन यांना बडा भाई म्हणत आणि शामरावांना छोटा भाई. पुढे पाटणगढ हे त्यांचे ठिकाण झाले.

एल्विन यांची कीर्ती जगभर झाली; ती त्यांच्या ग्रंथांमुळे योग्यच होती. त्यांनी चर्च सोडले, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९५० च्या दशकात ईशान्य भारताकडे गेले. परंतु जो राहायला आला तो पाहुण्याच्या ऋणातून सुटतो, असे कोणी समजू नये. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी नावाच्या, वयाने आपल्याहून पुष्कळ लहान अशा गोंड मुलीशी विवाह केला आणि १९४९ मध्ये तो घटस्फोटाने संपला. ते शिलाँगला गेले. ती याच भागात मागे राहिली आणि २०१० मध्ये, एल्विन यांच्या मृत्यूनंतर सेहेचाळीस वर्षांनी, वारली. तिचे म्हणणे त्यांच्या ग्रंथांत शोधूनही सापडणार नाही. आदिवासींच्या बाजूने एवढे लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यातले हे पान मला फार अस्वस्थ करते. प्रेम, विद्वत्ता, दीर्घ वास्तव्य, यांपैकी कशानेही या देण्यातून आपोआप सुटका होत नाही.

शामराव मात्र मंडल्याच्या बाजूलाच राहिले. त्यांच्या नावाचा गवगवा झाला नाही. १९४६ मध्ये त्यांचे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधान जमातीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते आजही अभ्यासकांना घ्यावे लागते. परधान हे गोंडांचे गायक. दर तीन वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी जाई, बाना हे तंतुवाद्य वाजवून त्या घराण्याच्या पूर्वजांची व राजांची गाणी गाई, आणि धान्य, वस्त्र, गाय, जे मिळेल ते हक्काने घेई. ती भीक नव्हती. यजमानाला आपल्या आजोबा-पणजोबांची नावे त्याच्या तोंडून ऐकायला मिळत. ती विसरली जाऊ नयेत म्हणून त्याला बोलवावे लागे. नाणे फेकणाऱ्या प्रवाशाला मुलाचे नाव ठाऊक नसते. हा पाहुणा यजमानाच्या सात पिढ्यांची नावे मुखोद्गत करून येत असे.

पाटणगढच्या परधानांपैकी जनगढसिंह श्याम या तरुणाने १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात चित्रे काढायला सुरुवात केली. गाण्यातले देव, पशू, झाडे रेषा-ठिपक्यांत उतरली. २००१ मध्ये जपानमध्ये तो अकाली गेला. पण आज त्या गावात घरोघरी चित्रकार आहेत आणि चित्रे पाहायला, विकत घ्यायला प्रवासी दूरदूरहून येतात. जबलपूरची सहल आखताना अमरकंटकच्या वाटेवरचे हे गाव एखाद्या दिवसाचा फेर घेऊन पाहता येते. चित्र विकत घ्यावे, किंमत घासाघीस न करता द्यावी. आणि चित्रात कोणते झाड आहे, कोणता देव आहे, कोणाच्या गाण्यातला आहे, हे काढणाऱ्याला विचारून कागदाच्या मागे लिहून घ्यावे. त्याला सांगायला वेळ लागतो. तेवढा वेळ सहलीच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवलेला असावा.